निवड खात्याचा प्रतिनिधी

३ मार्च, सोमवार

सभागृहात आज पहिल्यांदा बोललो. तीन मिनिटं दिली होती. कारखान्याच्या फाटकावर बोलताना मला नुसता घसा साफ करायला तेवढी लागायची. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा मी अजून "मित्रहो"पाशीच होतो. मागच्या बाकावरचे दोघे हसले.

खुर्ची फार मऊ. टेकलो की मागे कलंडतो. कागद कारखान्यात सव्वीस वर्षं सुकवणीच्या रोलांपाशी उभ्यानं काढली, बसून काम करायची सवयच नाही. बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो तर शिपाई विचारतो, काही हरवलंय का?

मला कामगार समितीवर घेतलं आहे. समितीपुढे एक नवा कायदा आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत जो राबतो तो कारखान्याचा कामगार, मग त्याला कंत्राटदारानं आणलेला असो वा नसो. दोनदा वाचला. चांगला वाटला.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "निदान जेवताना तरी बसा." ताईनं विचारलं, "कुणासाठी बोललास?"

"कामगारांसाठी."

"असं होय," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून आमच्याकडेच असते. त्याच कारखान्यात निवड खात्यात आहे, म्हणजे रद्दी निवडते. एकतीस वर्षं झाली. मुकादम रोज सकाळी यादी वाचतो, नाव आलं तर काम.

५ मार्च, बुधवार

युनियनच्या ऑफिसात गेलो. माझ्या जागी आता बॉयलर अध्यक्ष आहे. हे नाव मीच ठेवलेलं. पाच मिनिटांत तापतो, मग तासभर निवत नाही. आज मात्र शांत होता, आणि तेच जास्त अवघड.

"लीडर, हा कायदा आपल्या मुळावर येणार," म्हणाला. "निवड खात्याच्या एकोणनव्वद बाया उद्या आपल्या बरोबरीला आल्या की मालक म्हणणार, भाकरी तेवढीच आहे, आता सगळ्यांनी वाटून खा. आपल्या तीनशे चाळीस जणांचं काय?"

मी म्हटलं, "बघू."

त्यानं ते "हो" असं ऐकलं. मीही दुरुस्त केलं नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळपासून दारात रांग. तुंबलेलं गटार, शाळेचा दाखला, शेजाऱ्याचा कुत्रा. कुत्र्याच्या बाबतीत सभागृहाचा सदस्य काय करू शकतो, हे अजून कळलेलं नाही. पण माणसं "तुम्हाला निवडून दिलंय" म्हणतात, तेव्हा कुत्र्याकडे जाऊन आलो. चावरा आहे.

जीव कशातच लागत नाही. युनियनमध्ये सोपं होतं, आपले कोण ते पावतीपुस्तकात लिहिलेलं असायचं.

ताई हल्ली पाळी सुटली तरी घरी येत नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणते. रोज एकच मैत्रीण नसते, हेही माझ्या लक्षात आलंय. या वयात बाईला चार घरं फिरावंसं वाटलं तर वाटू दे. माझ्या कोऱ्या कागदांचा गठ्ठाही अर्ध्यावर आलाय. आणि बायकोच्या बोटांना शाई दिसली. विचारलं तर म्हणाली, बहिणीला पत्रं लिहिते. हिची बहीण रस्त्याच्या पलीकडे राहते. बायकांचं काही कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

निवड खात्यात अपघात. रद्दीचा पट्टा चालू असताना एका बाईचा हात रोलरखाली गेला. उजव्या हाताची चार बोटं. तिला सगळ्या चष्मेवाली म्हणतात, जाड भिंगं आहेत तिची.

निरोप आला तसा दवाखान्यात धावलो. कामगार दवाखान्यानं तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. कार्ड नाही. कारखाना म्हणतो आमची नाही. कंत्राटदार म्हणतो आज यादीत हिचं नावच नव्हतं. ते खरं होतं. जाऊ आजारी म्हणून तिच्या नावावर ही कामाला आली होती.

मोठ्या डॉक्टरांना फोन केला. दहा मिनिटांत आत घेतली. खरं सांगतो, छाती फुगली माझी. यासाठीच निवडून आलो, असं वाटलं.

ताई भिंतीला टेकून उभी होती. बाहीवर रक्त. मी म्हटलं, "झालं ना काम?"

"झालं. आता उद्यापासून कुणाचा हात पट्ट्यात जाणार आहे ते मुकादमाला सकाळीच विचारून ठेवते. म्हणजे तुला फोन लावायला सोपं."

ती दमली होती म्हणून तिला घरी पाठवलं.

परतताना बॉयलरला विचारलं, मशिनं थांबवलीत का? म्हणाला, "ती सभासद नाही रे. कशी थांबवणार?" त्यानं हे वाईट वाटूनच सांगितलं. आणि मी त्याच्या जागी असतो तर शब्दही बदलला नसता.

१४ मार्च, शुक्रवार

जुना करार काढून बसलो. पाठ आहे, तरी काढला.

चौदा वर्षांपूर्वीचा अकरा दिवसांचा संप. दहाव्या दिवशी मालक वाकला. तीनशे चाळीस जणांना कायम करतो म्हणाला, एका अटीवर. कलम सतरा : "निवड खात्याचा विषय या करारातून वगळण्यात येत आहे." बाहेर माणसं उपाशी बसली होती. मी मनाशी म्हटलं, आधी हे पदरात पाडून घेऊ, त्या बायांचं पुढच्या करारात बघू. सही केली. त्यानंतर तीन करार झाले. बघायचं राहून गेलं.

"राहून गेलं" हे खोडलं पाहिजे. मी राहू दिलं.

त्या दिवशी आईस्क्रीम घेऊन घरी आलो होतो. ताईनंही खाल्लं. भावोजी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी तंत्रशाळेत शिकलो ते ताईच्या पाळ्यांवर, हे सगळ्यांना माहीत आहे. कलम सतराचं तिला माहीत नसावं. असतं तर चौदा वर्षांत एकदा तरी बोलली असती.

१९ मार्च, बुधवार

पक्षाच्या साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. चहा स्वतः ओतून दिला.

"समितीत या कायद्यावर मत द्यायची वेळ आली की त्या दिवशी तुमची दाढ दुखू द्या."

"माझ्या दाढा धडधाकट आहेत, साहेब."

"लीडर, तुम्ही प्रतिनिधी आहात. कुणाचे? तुम्हाला उचलून धरलं युनियननं. तीनशे चाळीस घरं, त्यांचे सोयरेधायरे. त्यांना हा कायदा नको आहे. त्यांना नको ते करायचं, याला प्रतिनिधित्व म्हणतात का?"

"आणि ज्या युनियनमध्ये नाहीत त्या?"

"त्या संघटित नाहीत," साहेब म्हणाले, जणू तो विषय तिथंच संपला.

थांब्यावर दोन बस सोडल्या. मग चालतच निघालो. वाटेत ठरवलं : समितीत भाषण करायचं. निवड खात्याच्या बायांची सगळी दुःखं मी माझ्या तोंडानं मांडणार. असं भाषण की दगडाला पाझर फुटावा. घरी पोहोचेपर्यंत अर्धं तयार झालं होतं.

२० मार्च, गुरुवार

पहाटे उठून भाषण पूर्ण केलं. हिला वाचून दाखवलं, फेऱ्या मारत मारतच. दोन ठिकाणी टाळ्यांसाठी जागाही सोडली.

ही म्हणाली, "छान आहे. पण यात एकही बाई बोलत नाही. सगळं तुम्हीच बोलता."

"माझंच भाषण आहे ना?"

"ताईंना दाखवा."

म्हटलं, समितीची भाषा तिला कुठं कळणार? हिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात, आणि आत गेली.

२७ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

अकरा वाजता माझा कारकून आत आला. "निवड खात्याचं शिष्टमंडळ आलंय. वेळ घेऊन आलेत." वही पाहिली. सहा मार्चला नोंद झालेली. "निवड खाते, प्रतिनिधी, अकरा वाजता." माझ्या सहीनं मंजूर. मी वाचलंही नव्हतं.

सात जणी आत आल्या. पुढे ताई.

मी उठलो, म्हटलं, "अगं ताई, तू—"

"साहेब, बसू का?" तिनं विचारलं. मी बसा म्हणेपर्यंत बसली नाही. मग समोर अर्ज ठेवला. एकोणनव्वद सह्या आणि अंगठे. अक्षर हिचं, माझ्या बायकोचं.

"समितीपुढे आम्हाला पाच मिनिटं बोलायचंय," ताई म्हणाली.

"त्याची काही गरजच नाही," मी म्हटलं. "तुमच्या वतीनं मी बोलतो. भाषण तयार आहे. ऐकवू का?"

"आमच्या वतीनं तुम्ही चौदा वर्षांपूर्वी बोललात, साहेब. सतराव्या कलमात."

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

चष्मेवाली बोलली. तिचा हात अजून बँडेजमध्ये गळ्याशी बांधलेला. "सांगायला कशाला पाहिजे? कराराच्या जादा छापलेल्या प्रती दुसऱ्याच आठवड्यात आमच्या पट्ट्यावर आल्या. आम्ही रद्दी निवडतो, साहेब. हाताला येईल ते वाचतो. जिला येत नाही तिला वाचून दाखवतो."

मी अर्ज घेतला. पोच द्या, असं ताईनं सांगितलं. मी सही करून पोच दिली. तिनं तारीख तपासून घेतली.

संध्याकाळी जेवताना तिनंच मला वाढलं. "घे अजून थोडं, सकाळपासून काही खाल्लं नसशील." जणू अकराला कुणी वेगळीच बाई आली होती.

म्हटलं, "चौदा वर्षं घरात का नाही बोललीस?"

"घरात तू माझा भाऊ. भावानं दिलं तर माया केली, नाही दिलं तर राग धरून किती धरणार? तिथं तू माझा प्रतिनिधी आहेस. तिथं मला विचारता येतं."

ही खाली मान घालून जेवत होती. हसत होती की काय, दिसलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

समितीचे सचिव म्हणाले, फक्त नोंदणी झालेल्या संघटनेला बोलावता येतं. नियमांचं पुस्तक घेऊन दोन दिवस बसलो. खरोखर बसलो. कोणताही सदस्य आपल्या अधिकारात एक साक्षीदार बोलावू शकतो, असा नियम सापडला. गेल्या वीस वर्षांत कुणी वापरला नव्हता. वापरला.

दुपारी बॉयलर आला. दार त्यानं लाथेनंच उघडलं.

"तुला तिथं कुणी पाठवलं?"

"तुम्ही."

"मग आमचं बोल! नाहीतर सरळ सांग की फसवलं."

संपात आम्ही दोघांनी एकाच चटईवर अकरा रात्री काढल्या. त्याचं म्हणणं चूक नाही. त्यांनी मला पाठवलं हे खरंच आहे. म्हटलं, "मतपेटीत कुठली चिठ्ठी कुणाची, हे मला कळत नाही रे. त्यांत या एकोणनव्वद जणींच्याही असतील."

"तुझ्या बहिणीसाठी चाललंय सगळं."

"बहिणीसाठी करायचं असतं तर चौदा वर्षांपूर्वीच केलं नसतं का?"

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "फाटकावर पाय ठेवून दाखव पुढच्या वेळी." पण आवाज खाली आलेला होता.

८ एप्रिल, मंगळवार

साक्ष झाली.

ताईनं इस्त्रीचे कपडे घातले होते. समोर माईक. तो तिनं बाजूला सरकवला, कारण पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय आहे तिला. एका सदस्यानं विचारलं, तुमचं शिक्षण किती?

"चौथी. पण रोज चार टन वाचते."

हशा झाला. ती हसली नाही. कागदात काय काय येतं ते सांगितलं. काचा, टाचण्या, दवाखान्यातल्या सुया. दोघींत मिळून हातमोज्यांची एक जोडी, म्हणून हिचा डावा हात उघडा आणि तिचा उजवा. पट्ट्याला जाळी नाही, कारण जाळी लावली की पट्टा हळू चालवावा लागतो. तिनं कुठंही आवाज चढवला नाही. माझ्या भाषणात होतं तसलं एकही वाक्य नव्हतं. दगड, पाझर, काही नाही. साडेचार मिनिटांत संपवलं आणि म्हणाली, "अर्धं मिनिट उरलं. कुणाला काही विचारायचं असेल तर."

मग युनियनच्या वतीनं बॉयलर. तो म्हणाला, या बायांना बाहेर ठेवलं ते आम्ही नाही, कराराप्रमाणे ठेवलं. आणि त्या करारावर सही कुणाची आहे, हे समितीनंच विचारावं.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मला गप्प बसता आलं असतं. मी साक्षीदार नव्हतो.

"माझी आहे," म्हटलं.

"दबावाखाली केलीत?"

"नाही. काय करतोय ते माहीत होतं. माझी सख्खी बहीण त्याच खात्यात होती, तरी केली."

ताई पुढेच बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मत झालं. बाजूनं पाच, विरुद्ध चार. पाचात मी. पण हे समितीपुरतंच. आता कायदा सगळ्या सभागृहापुढे जायचा.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. तिसऱ्या थांब्यावर म्हणाली, "भाषण वाचलं नाहीस ते बरं केलंस."

९ एप्रिल, बुधवार

पक्षानं समितीवरून काढलं. युनियननं सभासदत्व रद्द केलं. दोन्ही पत्रं एकाच टपालात. कायदा पुढच्या अधिवेशनात घेणार, म्हणजे केव्हा ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि सकाळी मुकादमानं यादी वाचली त्यात त्या सात जणींची नावं नव्हती. ताईचंही नाही. एकतीस वर्षांत याआधीही कधी कधी नाव आलं नव्हतं, पण कारण पहिल्यांदाच कळलेलं. मला वाटलं, आता या परत येतील आणि मला साहेबांकडे धावावं लागेल. बूट घालूनच बसलो होतो. कुणी आलं नाही. दहा वाजता जाऊन पाहिलं तर उरलेल्या ब्याऐंशी जणीही आत गेल्या नव्हत्या. फाटकाबाहेर मांड्या घालून बसल्या होत्या. कुणी घोषणा देत नव्हतं. एक जण तर भाजी निवडत होती.

मी विचारलं, "काही करू का?"

ताई म्हणाली, "सावलीत उभा राहा."

१२ एप्रिल, शनिवार

चौथा दिवस. रद्दी निवडली नाही तर लगदा होत नाही, लगदा नाही तर कागद नाही. हे साधं गणित सव्वीस वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. आमचा कागद कुठून येतो, तर वरच्या हौदातून, असंच आम्ही मानायचो. दुपारी सुकवणीचे रोल थांबले.

माणसं बाहेर आली. आता भांडण होणार असं वाटून मी मध्ये जाऊन उभा राहिलो. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. बॉयलर सरळ ताईसमोर जाऊन उकिडवा बसला.

"किती दिवस चालवणार?"

"तुम्ही किती दिवस बसला होतात?"

"अकरा."

"तेव्हा तुमचे डबे कुणी आणून दिले?"

बॉयलर जमिनीकडे बघत राहिला. ते मलाही माहीत नव्हतं. म्हणजे डबे यायचे हे आठवतंय. कोण आणतं, हे मी कधी विचारलंच नाही. शेवटी तो उठला आणि माणसांना म्हणाला, "घरी जा. आज काम नाही." कुणी आत गेलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

मालकानं बोलणी करायला बोलावलं. मी चांगला शर्ट घातला, करार, कायद्याचा मसुदा, नियमांचं पुस्तक, सगळं पिशवीत भरलं. एवढ्या वेळा बोलणी केलीत, माझ्याइतकी ती खोली कुणाला माहीत असणार?

दारावरचा माणूस म्हणाला, "फक्त दोघं. निवड खात्याचे प्रतिनिधी." मी पाऊल पुढे टाकलं. ताईनं माझ्या छातीवर हात ठेवला, हळूच.

"तू बस."

ती आणि चष्मेवाली आत गेल्या. दार लागलं.

बाहेर एक लाकडी बाक. त्यावर आधीच बॉयलर बसलेला. तो का आला होता हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आतून मॅनेजरचा आवाज चढला तेव्हा दोघेही एकदम उठलो, आणि एकदम बसलो.

"सुरुवातीलाच जास्त मागायला हवं होतं," बॉयलर कुजबुजला.

"तुला काय माहीत त्यांनी किती मागितलं?"

"नाही, पण तरी."

पाय थांबत नव्हते. जिन्यापर्यंत जाऊन आलो. पुन्हा गेलो. आत ताईचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणजे ती बोलत होती की ऐकत होती, की तिला बोलूच देत नव्हते? एकदा दाराला कान लावायला गेलो तर बॉयलरनं शर्ट धरून मागे ओढलं. सव्वादोन तास.

दार उघडलं. ताईच्या हातात दोन पानं. सातही जणी उद्यापासून आत. एकोणनव्वद जणींना आपापल्या नावाचं कार्ड आणि कामगार दवाखाना, पुढच्या एक तारखेपासून. जाळी बसेपर्यंत पट्टा चालणार नाही. चष्मेवालीला मोजणीच्या टेबलावर कायमचं काम. बाकीच्यांना कायम करण्याबद्दल तीन महिन्यांनी पुन्हा बोलणी, हे लेखी. म्हणजे मुख्य गोष्ट मिळाली नाही. अजून नाही.

मी पानं ओढून घेतलीच जवळजवळ. "कलम सतरा रद्द, असं स्पष्ट लिहून घेतलंस का? आणि हे तीन महिने कोणत्या तारखेपासून धरायचे? अगं, इथंच फसवतात, मी सांगतो—"

ताई बाकावर बसली. चप्पल काढली. डोळे मिटले.

"सगळं सांगते," म्हणाली. "आधी पाणी आण."

नळ व्हरांड्याच्या पार टोकाला होता. पेला भरून परत आलो तोवर खालच्या बाया वर चढून आल्या होत्या. ताईभोवती एवढी दाटी की आत शिरायला वाट नाही. सगळ्या एकदम विचारत होत्या, आणि ती एकेकीला उत्तर देत होती. मी पेला धरून मागे उभा राहिलो. पुढच्या बाईनं वळून पाहिलं, पेला माझ्या हातातून घेतला, तिनं पुढचीला दिला, तिनं तिच्या पुढचीला. ताईपर्यंत पोचला तेव्हा तो कुणी आणला हे तिनं विचारलं नाही. घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि पुढचीला म्हणाली, "हं, तुझं काय होतं?"

मी ऐकत उभा राहिलो.